वीस मिलिमीटरची खोली

हेडफोन काढून ठेवल्यावर कानाच्या पाळीवर, गालावर आणि कधी उशीवरही काळे बारीक कपचे दिसू लागले, तेव्हा आधी मला ती धूळ वाटली. दोन दिवसांनी लक्षात आले की हेडफोनच्या गाद्यांचे कातडे सुटते आहे. कातडे म्हणायचे ते सवयीने. बहुतेक गाद्यांवर कापडी अस्तरावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, आणि हवेतला ओलावा व कानाजवळचा घाम त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत राहतात. वापर थांबवला म्हणून ही झीज थांबत नाही. डब्यात जपून ठेवलेली कोरी गादीसुद्धा काही वर्षांनी अशीच पापुद्रे टाकू लागते. माझा हेडफोन अकरा वर्षांचा होता. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारे आतले भाग, ठणठणीत होते, केबल एकदा बदललेली होती, डोक्यावरची पट्टी माझ्या डोक्याला सरावलेली होती, आणि या सगळ्यात सर्वांत कमी महत्त्वाची वाटणारी वस्तू तेवढी निकामी झाली होती.

कंपनीने ते मॉडेल बंद केले होते आणि त्याच्या गाद्याही मिळत नव्हत्या. म्हणून दुसऱ्या एका हेडफोनसाठी बनवलेली, पण मापाने जुळणारी जोडी मी मागवली. मापाने जुळणारी म्हणजे बाहेरचा व्यास जुळणारी. गादीला याखेरीज आणखी चार मापे असतात आणि तीच जास्त महत्त्वाची असतात, हे मला पुढे कळायचे होते. नवी गादी दिसायला सुंदर होती. हळू दबणारा आणि हळूच वर येणारा मेमरी फोम, त्यावर मेंढीचे मऊ कातडे, आणि जुनीच्या जवळजवळ दुप्पट जाडी. बसवण्याची रीत सोपी आहे, पण ती हातालाच शिकावी लागते: गादीच्या पाठीमागची पातळ पट्टी कपाच्या, म्हणजे ड्रायव्हर बसवलेल्या वाटीच्या, कडेवरच्या खाचेत एका ठिकाणी अडकवायची आणि मग गादी न ताणता, घट्ट बरणीचे झाकण फिरवावे तशी गोल फिरवत न्यायची, म्हणजे पट्टी आपणहून खाचेत शिरत जाते. जोराने ओढले तर शिवण उसवते.

त्या रात्री मी माझ्या पूर्ण ओळखीचे एक ध्वनिमुद्रण लावले आणि पहिल्या मिनिटातच अस्वस्थ झाले. गाणारी व्यक्ती दोन पावले मागे सरकली होती. खर्ज भरदार झाला होता, पण त्याची कड गेली होती. आणि वरच्या अंगाला एक टोकदार चमक आली होती, जी प्रत्येक ‘स’ला कानात रुतत होती. मग मी बोललेल्या आवाजाचे एक ध्वनिमुद्रण लावले, कारण आवाजातला दोष गाण्यापेक्षा बोलण्यात लवकर पकडता येतो. मराठीत तर त्यासाठी एक फार चांगली कसोटी आहे: ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च. लिहिताना अक्षर एकच, पण पहिल्याचे घर्षण टाळूपाशी होते आणि थोड्या खालच्या कंप्रतांवर (सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, हर्ट्झमध्ये मोजतात ती) पसरते, तर दुसऱ्याचे दातांपाशी होते आणि अधिक वर जाते. चांगल्या हेडफोनमध्ये हे दोन्ही च सहज वेगळे राहतात आणि तरी एकाच तोंडातून आलेले वाटतात. माझ्या हेडफोनमध्ये ‘चाक’ बोलणाऱ्याच्या तोंडातून बाहेर पडून शिटीसारखे वेगळे उभे राहत होते.

ड्रायव्हर तोच, केबल तीच, फोन तोच. बदलली होती ती फक्त गादी. गादी हा आरामाचा भाग आहे आणि आवाज आतल्या यंत्राचा आहे, अशी जी वाटणी मी इतकी वर्षे गृहीत धरली होती, ती त्या रात्री मोडली.

मराठीत ‘खोली’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि हेडफोनच्या गादीच्या बाबतीत ते दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. गादीला खोली असते, म्हणजे ड्रायव्हरपासून कानापर्यंतचे अंतर. आणि गादी स्वतः एक खोली असते, जिची एक भिंत ड्रायव्हर, समोरची भिंत आपले कानशील, आणि बाजूच्या भिंती फोमच्या. स्पीकर जसा खोलीत वाजतो, तसा ड्रायव्हर या खोलीत वाजतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या खर्ज स्वराच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढी लाट या खोलीत मावण्याचा प्रश्नच नाही. तिथे लाट नसते, फक्त दाब असतो: पडदा पुढे आला की कोंडलेली हवा दाबली जाते, मागे गेला की सैल होते, आणि कानाचा पडदा त्यामागोमाग हलतो. म्हणून बंद कपाच्या, म्हणजे ज्याचा कप मागून बंद असतो अशा, हेडफोनमध्ये खर्जाचे सगळे भवितव्य गादी कानशिलाला किती घट्ट लागते यावर असते. केसांची बट मध्ये आली, चष्म्याची काडी आली, तर त्या फटीतून दाब निसटतो आणि सर्वांत खालचे स्वर सर्वांत आधी जातात.

वरच्या कंप्रतांना नियम उलटतो. ६००० हर्ट्झच्या लाटेची लांबी ६ सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी असते, म्हणजे गादीच्या आतल्या पोकळीएवढी. आता लाटा खोलीत मावतात, भिंतींवर आपटून परततात, एकमेकींत मिसळतात. कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी. माझ्या नव्या गादीची आतली भिंत गुळगुळीत, अखंड कातड्याची होती. जुन्या गादीच्या आतल्या भिंतीला सुईच्या टोकाएवढी भोके होती, आणि ती शोभेची आहेत असे मी समजत होते. त्या भोकांतून ध्वनीचा काही भाग फोममध्ये शिरतो आणि तिथेच विरतो. मखमली आवरणाच्या गाद्या हेच आणखी मोकळेपणाने करतात. त्या कानाला गार राहतात, पण बंद कपावर त्यांच्यातून दाबही गळतो आणि खर्ज हलका होतो.

इतक्या लहान गोष्टीने इतका फरक पडावा याचे नवल वाटू नये, कारण तंबोरा लावताना आपण दुसरे काय करतो? घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवायचा, आणि तो केसभर पुढे-मागे झाला की तीच तार बंद पडते किंवा खुलते. जवारी लागते ती त्या दोऱ्याच्या जागेवर. हेडफोनच्या आत ड्रायव्हरभोवती चिकटवलेले कागदाचे आणि फेल्टचे तुकडे त्याच कुळातले आहेत. कोणत्या छिद्रातून हवेने किती अडखळत जावे, हे ते ठरवतात.

हेडफोनचा जन्म कारखान्यात झाला नाही, हे मला नंतर समजले आणि फार आवडले. अमेरिकेतल्या युटामध्ये राहणाऱ्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन घडवले आणि १९१० मध्ये ते अमेरिकी नौदलाला पाठवून दिले. नौदलाने ते स्वीकारले. त्यानंतर १९३७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचा डीटी ४८ आला, तो हलत्या गुंडाळीच्या ड्रायव्हरचा पहिला हेडफोन, आणि १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन विक्रीला आणला. पण गादीच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत धीट वस्तू म्हणजे १९६८चा सेनहायझर एचडी ४१४. त्याच्या गाद्या म्हणजे पिवळ्या, सच्छिद्र फोमच्या चकत्या होत्या. हवा कोंडण्याचा प्रयत्नच नाही. कप मागून उघडा, गादी आरपार. आवाज मोकळा करण्यासाठी खोलीच्या भिंतीच काढून टाकता येतात, हे त्या हेडफोनने दाखवले.

माझा हेडफोन बंद कपाचा होता, म्हणून मला भिंती हव्याच होत्या. फक्त योग्य अंतरावर आणि योग्य कापडाच्या. पण योग्य अंतर कोणते? अकरा वर्षांत जुनी गादी रोज थोडीथोडी खचत गेली होती, आणि मी ज्या आवाजाला माझ्या हेडफोनचा आवाज म्हणत होते तो त्या खचण्याबरोबर सरकत आला होता. नव्या कोऱ्या हेडफोनचा आवाज मला आठवत नव्हता. कानाची स्मृती फार आखूड असते. गादी बदलायला दोन मिनिटे लागली तरी तेवढ्यात आधीचा आवाज पुसट होतो, आणि नव्याची सवय तर तासाभरात लागते. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना करण्यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

यावर जो उपाय आहे तो अतिशय साधा आहे, आणि ज्याला हेडफोनमध्ये काहीही बदलायचे आहे त्याने तो आधी शिकावा असे मला मनापासून वाटते. बदल एकाच कानाला करायचा. डावीकडे जुनी गादी तशीच, उजवीकडे नवी; आणि दोन्हीकडे एकच आवाज पाठवायचा, म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये मोनो करायचे. दोन्ही बाजू सारख्या असतील तर आवाज कपाळाच्या मध्यावर उभा राहतो. नसतील तर तो कंप्रतेनुसार फाटतो: खर्ज एका कानाकडे झुकतो, ‘स’ दुसऱ्या कानाकडे पळतो, आणि कुठला तुकडा कुठे गेला ते बोट ठेवून सांगता येते. मग हेडफोन उलटा, म्हणजे डावी बाजू उजव्या कानावर येईल असा, घालून पुन्हा ऐकायचे, कारण आपले दोन कानही सारखे नसतात, आणि जो झुकाव कानाचा आहे त्याचा दोष गादीला देऊ नये. मी या रीतीने ऐकायला बसले तेव्हा पहिल्यांदाच मला आवाजाचे भाग वेगवेगळे ऐकू आले. तोवर मी ‘बरा’ आणि ‘वाईट’ एवढेच ऐकत होते.

मला जी गादी हवी होती, छिद्रांच्या भिंतीची आणि बेताच्या जाडीची, ती मिळाली, पण तिची पट्टी माझ्या कपाच्या खाचेत बसत नव्हती. इथे थ्रीडी प्रिंटर कामाला आला. वितळलेल्या प्लॅस्टिकच्या धाग्याने थरावर थर रचण्याच्या पद्धतीसाठी स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये पेटंट मागितले होते. २००५ मध्ये एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच भाग छापू शकणाऱ्या यंत्राचा रेपरॅप हा खुला प्रकल्प सुरू केला, आणि २००९ मध्ये ते पेटंट संपल्यावर असे यंत्र टेबलावर ठेवण्याइतके सोपे झाले. त्यातले एक आता माझ्याकडे होते. मला छापायची होती ती एक कडी, जिची मागची बाजू माझ्या कपाला धरेल आणि पुढची बाजू नव्या गादीला.

कडीची जाडी खोलीत मिळवावी लागते, हे मोजताना ध्यानात आले, आणि तिथेच कामाला खरा रंग चढला. गादीची खोली मोकळी असताना मोजून उपयोग नाही. ती डोक्यावर दाबली गेल्यावर जी उरते तीच खरी. मी माझ्या डोक्याच्या रुंदीएवढा, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरचा पुस्तकांचा गठ्ठा रचला, त्यावर हेडफोन चढवला, आणि कपाच्या कडेपासून पुस्तकापर्यंतचे अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजले. नवी गादी दाबली गेल्यावर १६ मिलिमीटर उरत होती. मग मी १ मिलिमीटरपासून ६ मिलिमीटरपर्यंत सहा कड्या छापल्या आणि दोन संध्याकाळी एकेका कडीला दिल्या. १ मिलिमीटरच्या कडीला कानाची वरची कड आतल्या जाळीला टेकत होती आणि आवाज कानात घुसल्यासारखा वाटत होता. ६च्या कडीला गाणे पुन्हा दूर गेले. ४च्या कडीला ‘चार’ आणि ‘चाक’ एकाच तोंडातून आले. एकूण २० मिलिमीटर. ही खोली मूळ कारागिरांनी ठेवलेल्या खोलीएवढी आहे की नाही हे ठरवायला काही साधन नव्हते. माझ्या कानाने ती निवडली होती.

छापलेल्या वस्तूचे स्वतःचे काही हट्ट असतात. नळीचे तोंड ०.४ मिलिमीटरचे आणि थर ०.२ मिलिमीटरचा असला, तरी छापलेले भोक आखलेल्यापेक्षा थोडे लहान येते, म्हणून खाचेला ०.२ ते ०.३ मिलिमीटर मोकळीक द्यावी लागते. बाहेरून भक्कम दिसणारी कडी आतून जाळीदार असते, आणि थरांच्या सांध्यांतून हवा गळू शकते. माझी पहिली कडी दिसायला निर्दोष होती आणि तिच्यामुळे ३० हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा झाला. गादी हाताने दाबली की तो परत येई, सोडली की जाई. गळतीची याहून स्पष्ट खूण नाही. मी भिंतींचे थर वाढवले, आतली जाळी भरीव केली, आणि कडी व कप यांच्यामध्ये पातळ फोमची एक गोल चकती ठेवली. स्वर स्थिर झाला.

पुढे डाव्या कपाला धरून ठेवणारा दुबेळका मोडला, तेव्हा तोही छापला, आणि तो तीन दिवसांत तडकला. उभा छापल्यामुळे त्याचे थर ताणाच्या आडवे आले होते. लाकूड जसे रेषेवरून फाटते तसा तो थरावरून फाटला. दुसरा आडवा झोपवून छापला. तो पीएलए या छपाईच्या प्लॅस्टिकचा होता, आणि पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते; उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत हेडफोन राहिला आणि दुबेळका कपाच्या वजनाने वाकून गेला. तिसरा पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकचा आहे, जो सुमारे ८० अंशांपर्यंत टिकतो. पॉलिश पेपरने घासल्यावर त्याच्या कडा हाताला लागत नाहीत.

आतल्या भागाला मी शक्य तितका कमी हात लावते. ड्रायव्हरचा पडदा केसाहून पातळ पॉलिस्टरचा असतो, आणि त्याच्यामागे इतके जोरकस चुंबक असते की जवळ नेलेला लोखंडी स्क्रूड्रायव्हर हातातून ओढला जाऊन पडद्यावर आदळू शकतो. कानशीने काही घासायचे असेल तर ते दुसऱ्या टेबलावर. लोखंडाचा कीस एकदा चुंबकाला चिकटला की तो निघत नाही. एकदा माझ्या उजव्या कानात विशिष्ट स्वरांनाच घरघर येऊ लागली. ड्रायव्हर फाटला असेच मला वाटले होते. जाळी काढून पाहिले तर डोक्याचा एक केस जाळीतून आत शिरून पडद्याला टेकला होता, आणि पडदा हलला की तो थरथरत होता. पितळी चिमट्याने तो काढला आणि घरघर गेली. त्या दिवसापासून पातळ, जाळीदार कापडाचे गोल तुकडे मी दोन्ही बाजूंना लावले आहेत.

मोजमापाचा मार्गही मी वापरून पाहिला. कानाच्या भोकाशी बसेल असा छोटा मायक्रोफोन, त्यावर हेडफोन, आणि २० ते २०००० हर्ट्झपर्यंत सरकत जाणारा एक स्वर. आलेख समोर आला की मन लगेच त्याच्यावर विसंबते. पण हेडफोन काढून पुन्हा घातला की काही हजार हर्ट्झच्या पुढची रेघ दर वेळी वेगळी येते, कारण गादी दोन मिलिमीटर सरकली तरी वरच्या लाटांचा सगळा हिशेब बदलतो. म्हणून मी प्रत्येक मांडणीची पाच मापे घेऊन त्यांची सरासरी काढते, खर्जापुरता आलेखावर भरवसा ठेवते, आणि वरच्या भागासाठी पुन्हा त्या दोन चांकडे वळते.

एका बाबतीत मात्र मी कोणाचेही ऐकणार नाही: जे परत फिरवता येत नाही ते करू नये. कपाला भोक पाडून केबलचे सॉकेट बसवणे, गादी कायमच्या गोंदाने चिकटवणे, आतला मूळ फेल्ट खरवडून टाकणे, या गोष्टींची घाई करणारे लोक मूळ आवाज पुन्हा ऐकण्याची वाट स्वतःच बंद करतात. सपाट पडद्याच्या फॉस्टेक्स टी५०आरपी या हेडफोनवर अनेकांनी फेल्ट, कापूस आणि माती यांचे थर रचून त्याचे रूप पालटले आहे, आणि त्यातला जो प्रयोग मला पटतो तो स्क्रू उलगडून पुन्हा होता तसा करता येणारा असतो. माझ्या जुन्या गाद्यांचे उरलेले सांगाडे मी कागदात गुंडाळून ठेवले आहेत. त्यांना शिवणीपाशी अजून न खचलेला फोम आहे.

गेल्या महिन्यात बाबांनी तो हेडफोन घातला. त्यांच्या आवडीची एक जुनी मैफल मी लावून दिली आणि समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “गळा छान येतोय. पण तंबोऱ्याचा खर्ज कुठे गेला?” मी पुढे होऊन गादी बोटांनी हलकेच दाबली. “आता?” “आता आला.” सोडली. “गेला.” चष्म्याची जाड काडी गादीखाली आली होती, आणि माझ्या कानशिलासाठी बेतलेली २० मिलिमीटरची खोली त्यांच्यासाठी एका बाजूने उघडी होती. “बाबा, चष्मा काढून बघा,” असे मी म्हणाले. त्यांनी काढला, खर्ज आला, आणि मग त्यांना हातातल्या कागदावरची रागाची नावे वाचता येईनात.

त्यांच्यासाठी मऊ फोमची दुसरी गादी आणली आहे. काडी जिथे येते तिथे फोमला आतून खाच दिली आहे, आणि ती गादी अधिक दबत असल्यामुळे कडी ६ मिलिमीटरची लागते आहे. उजवीकडची बसवून झाली, ३० हर्ट्झचा स्वर त्यांना चष्म्यासकट ऐकू येतो. डावीकडची आत्ता प्रिंटरवर आहे. तीस थरांपैकी अकरा झाले आहेत.